एकाच पावसावरचे चार धंदे

नांदेडहून हिंगोलीकडं जाताना वारंगा फाटा मागं पडला की थोड्या वेळानं आखाडा बाळापूर लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगानं दुकानं. त्यातल्या कोणत्याबी एका पाटीपुढं थांबून वाचा. आधार दुरुस्ती, पीकविमा, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, रेल्वेचं तिकीट, आणि खाली बारक्या अक्षरात ‘शेळीची पिल्लं मिळतील’. आत बसलेला पोरगा डी.एड. नाहीतर बी.एस्सी. झालेला असतो. सकाळी डेअरीला दूध घालून आलेला असतो आणि संध्याकाळी त्याला हळदीला पाणी सोडायला जायचं असतं. काय चाललंय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, “आजकाल एका धंद्यावर भागतंय कुठं?”

मी इतिहास शिकवतो, त्यामुळं त्या वाक्यातला ‘आजकाल’ मला टोचतो. बाकीचं वाक्य खरं आहे. आमच्या गावात एका धंद्यावर कोणाचंच कधी भागलेलं नाही. मधली तीस-पस्तीस वर्षं काही घरांचं भागलं, आणि तेवढ्याच काळाला आपण रीत समजून बसलो.

आमचं घर सुताराचं. आज्याचा जन्म निजामाच्या राजवटीतला. तेव्हा बाळापूर परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. आज्याची मिळकत कशी होती हे मला आजीनं सांगितलं, आणि ते ती एकाच सुरात सांगायची, पाढे म्हटल्यासारखं : “खळ्यावरचं खायाला, गाडीचं लग्नाला, शेळीचं दवाखान्याला, अन् रानातलं बियाला.”

खळ्यावरचं म्हणजे बलुतं. ज्या शेतकऱ्यांची औतं आज्याकडं होती, त्यांचे नांगर, वखर, तिफण, कोळपं, मोटेचं चाक वर्षभर दुरुस्त करायचं. पैसा मागायचा नाही. सुगीला खळ्यावर जायचं आणि औतामागं ठरलेली ज्वारी घ्यायची. घरातल्या आठ माणसांची भाकर तिच्यावर चालायची. नवी बैलगाडी मात्र बलुत्यात धरत नसत. तिचा सौदा वेगळा, रोखीचा. साटा सागवानाचा, आरे आणि पुठ्ठे बाभळीचे, लोखंडी धाव चढवायला लोहाराला हाताशी घ्यायचं. एका गाडीला महिना-सव्वा महिना लागायचा. दोन एकर कोरडवाहू रान होतं, आणि आजीच्या चार-पाच शेळ्या.

ह्यात एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. आपल्या भागाच्या वरच्या अंगाला पैनगंगा. नदीच्या पलीकडं उमरखेड, पुसद, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. अलीकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, पलीकडं कलदार. सहा कलदार घ्यायचे तर सात हाली मोजावे लागत. आज्या वर्षातून एक-दोन गाड्या पलीकडच्या बाजारासाठी बांधायचा आणि कलदार घेऊन यायचा. लाकूड तेच, हात तेच, पण नदी ओलांडली की त्याच गाडीला वेगळा रुपया. पुढं रझाकारांच्या दिवसांत बरीच माणसं पलीकडं आसऱ्याला गेली, तेव्हा आज्याबी काही महिने तिकडंच होता. रान इथंच राहिलं, खळी इथंच राहिली. वाकस, पटाशी, रंधा आणि करवत पोत्यात घालून सोबत गेले. त्या महिन्यांत घर खाऊन राहिलं ते त्या पोत्यावर.

हे सगळं सांगताना बलुत्याचं गोडवं गायचा माझा विचार नाही. सुताराला रोखीची गाडी करायची मोकळीक होती, कारण त्याची जात त्याला ती देत होती. ज्यांच्या वाट्याला गावकी आणि वेठ आली, त्यांना दुसरा धंदा धरायची सोयच नव्हती. हाक आली की जावं लागायचं, मग घरी काही का असंना. म्हणून १९५६ नंतर गावातल्या बौद्ध घरांनी गावकीची कामं सोडली, बलुत्यातली ज्वारीबी सोडली आणि नांदेड, मुंबई, औरंगाबाद अशा वाटा धरल्या. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं होतं, तिथं आपल्या भागातली पोरं पोहोचली. गावाच्या पावसाशी संबंध नसलेला पैसा घरात आणायचा, हे आमच्याकडं सगळ्यात आधी त्या घरांना कळलं. गाव तेव्हा त्यांना हसलं. पुढं त्याच गावानं त्यांच्याच वाटेनं आपली पोरं पाठवली.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा बाप चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. हिशेबानं आमच्या घरात चार मिळकती होत्या, तरी आम्ही उपाशी पडलो. कसं, ते सांगतो. ज्वारी पिकली नाही म्हणून खळंच लागलं नाही, मग बलुतं कोण देणार. शेतकऱ्याजवळ पैसा नाही, तर नवी गाडी कोण बांधणार. बैलंच कवडीमोल विकायला काढलेली, गाडीला जुंपायचं काय! दोन एकरात कुसळं. राहिल्या शेळ्या. त्या विकायला आजी बाजारात गेली तर सगळ्या गावाच्या आज्या आपापल्या शेळ्या घेऊन तिथं उभ्या. घेणारा एक अन् विकणाऱ्या पन्नास. चारी वाटा एकाच दिवशी बंद झाल्या, कारण चारींच्या बुडाशी एकच पाऊस होता.

आजीचा पाढा मला पाठ आहे, पण तिनं त्यातली ही मेख कधी सांगितली नाही. मला ती पुष्कळ उशिरा, वर्गात दुष्काळाचं प्रकरण शिकवताना दिसली.

त्या वर्षी घर तगलं ते दुष्काळी कामावर. आज्या, बाप, माय तिघंबी खडी फोडायला गेले. सुताराच्या हातात घण. मिलो नावाची परदेशातली लाल ज्वारी, सुकडी, आणि आठवड्याची हजेरी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात तिचा पहिला प्रयोग केला होता. कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला.

हमीच्या कामाला पैसा कुठून यायचा, हे आमच्या मजुरांना कधी कोणी सांगितलं नाही. १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या खिशातून तो निघायचा, सरकार तितकीच भर घालायचं, आणि तो पैसा बाळापूरच्या पाझर तलावावर माती टाकणाऱ्या बाईच्या हातात पडायचा. मुंबईतल्या कारकुनाचा पगार कयाधूच्या पुरावर नाहीतर कोरडेपणावर ठरत नव्हता. म्हणून तर तो पैसा दुष्काळात आटला नाही. माझ्या मते मराठवाड्याच्या खेड्यांना पावसाबाहेरचा पैसा हक्कानं मिळाला तो तेव्हा पहिल्यांदा.

बाप खडी फोडून परत आला आणि त्यानं मनाशी एक गोष्ट पक्की केली. लेकरांना रंधा धरू द्यायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ, आमचा काका, मॅट्रिक झाला होता. त्याला शिक्षकाच्या कोर्सला घातलं. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी जुनी माणसं आणि कॉलेजातली पोरं एका बाजूला होती. मागण्या होत्या नोकऱ्यांच्या, ब्रॉडगेज रेल्वेच्या, कारखान्यांच्या. वसमतला गोळीबार झाला. एवढ्या मोलानं मागितलेली गोष्ट नोकरी होती, हे ध्यानात घेतलं की त्या पिढीला पगाराचं एवढं अप्रूप का होतं ते कळतं. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. त्याच्या पहिल्या पगाराच्या दिवशी आजीनं देवापुढं ठेवायला ज्वारीच्या ओंजळीऐवजी नोट घेतली.

काकाच्या एका पगारावर आमचं सगळं खटलं उभं राहिलं. दोन आत्यांची लग्नं, विहिरीचं खोदकाम, माझं हिंगोलीचं आणि नांदेडचं शिक्षण. मधे पाऊस दगा देऊन गेला, तरी घरात चूल बंद राहिली नाही. म्हणून ‘खेड्यातली माणसं नोकरीच्या मागं लागून आळशी झाली’ असं जे म्हणतात ते मला पटत नाही. त्यांना पगाराची किंमत बहात्तर सालानं शिकवली होती.

पण त्याची एक बाजू अशीबी झाली की बाकीच्या वाटा आम्ही आपणहून बुजवल्या. लोखंडी नांगर आला, ट्रॅक्टर आला, बलुतं मोडलं, हे तर व्हायचंच होतं. आज्याची हत्यारं मात्र माळ्यावर गेली ती गेलीच. शेळ्या ‘मास्तरच्या घराला शोभत नाहीत’ म्हणून विकल्या. आजी कुरकुरली. “कामून विकता रे? पगार काय दूध देतोय का?” म्हणाली. कोणी ऐकलं नाही. आणि घराघरात एकच बोलणं, पोरगा मास्तर झाला पाहिजे.

त्या बोलण्याचं पुढं काय झालं ते आता मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकच्या शिक्षकाला तीन वर्षं महिना तीन हजार मानधन, मग कायम. तरीबी पोरं तुटून पडली. डी.एड. कॉलेजं गावोगाव निघाली. माझा धाकटा भाऊ २००९ मधे डी.एड. झाला. २०१० च्या भरतीच्या सीईटीत थोड्या गुणांनी हुकला. २०१२ मधे भरतीवर बंदी आली, २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी झाली, आणि मग पोर्टल, अभियोग्यता चाचणी, न्यायालय. ह्या सगळ्या काळात तो एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होता. पगार नाही. अनुदान येईल ह्या आशेवर सहा वर्षं. माझंबी फार वेगळं नाही. एम.ए. झालो, सेट झालो, आणि वीस वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासाप्रमाणं पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या महिन्याचे नाहीत, आणि जे मिळायचे ते बऱ्याचदा वर्ष संपल्यावर.

इथं एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. माझा भाऊ सहा वर्षं बिनपगारी शिकवू शकला, कारण त्याची भाकर घरच्या ज्वारीची होती. मी तासिकेवर टिकलो, कारण वर्षाची डाळ, हळद, तिखट गावाकडून येतं. पुण्यात सिक्युरिटी गार्ड असलेला आमच्या गल्लीतला पोरगा दर दिवाळीला दोन पोती घेऊन जातो, म्हणून त्याच्या कंपनीला त्याला तेवढ्या पगारात ठेवता येतं. गावची दोन एकर कोरडवाहू जमीन शहरातल्या संस्थांचा पगार भरते आहे. आजकाल ‘उत्पन्नाचे अनेक स्रोत निर्माण करा’ असं सांगणारे लोक भेटतात, त्यांच्या भाषणात हा हिशेब मी कधी ऐकला नाही.

आता हळदीकडं येतो, कारण गेल्या वीस वर्षांची आमची खरी कहाणी हळदीत आहे.

हिंगोली, वसमत, कळमनुरी ह्या पट्ट्यात हळद पसरली. काळी कसदार जमीन, विहिरी-बोअरचं पाणी, काही गावांना इसापूर धरणाचा कालवा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनबी मिळालं. हे पीक नऊ महिन्यांचं. मे-जूनमधे लावायचं, फेब्रुवारी-मार्चमधे पाला कापून काढायचं. पण काढलं म्हणजे झालं असं नाही. बायका गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतात, मग कुकरमधे वाफेवर शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग ड्रममधे घालून पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून साधारण एक क्विंटल राहते. वाळत असताना अवकाळी आला की रात्री अंगणात ताडपत्र्यांची पळापळ, ती बघायची तर आमच्याकडं चैतात या.

भावानं घरचं दोन एकर आणि ठोक्यानं घेतलेलं तीन एकर असं हळदीला लावलं. २०१० साली भाव क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढं गेला होता. गावात तेव्हा हळदीनं घरं बांधली, मोटरसायकली आल्या. भावानं पैसा उडवला नाही. शहाण्या माणसासारखा तो धंद्यातच घातला. कर्ज जोडून शिजवायचा कुकर घेतला, तो भाड्यानं फिरवायला लागला. पॉलिशचा ड्रम घेतला. माल हिंगोलीच्या मार्केटला न्यायला जुना पिकअप घेतला. एका मित्राबरोबर खताच्या दुकानात भागी केली. शाळा होतीच. कोणी मोजलं असतं तर म्हणलं असतं, ह्या माणसाच्या मिळकतीच्या पाच-सहा वाटा आहेत, ह्याला काय भीती!

२०१२ मधे भाव चार हजारांच्या आसपास आला. पुढच्या हंगामाला लोकांनी हळद कमी लावली. त्यामुळं कुकरला गिऱ्हाईक कमी, ड्रम रिकामा, पिकअपला भाडं नाही. दुकानातली उधारी हळदवाल्यांकडंच अडकलेली. ती वसूल होईना. आणि शाळेत त्याच वर्षी भरतीबंदीची बातमी. बहात्तर सालचीच गोष्ट पुन्हा झाली, फक्त पावसाच्या जागी बाजारभाव होता. ज्वारी, गाडी, बलुतं, शेळ्या ह्यांच्या जागी हळद, कुकर, ड्रम, पिकअप. दारावर बँकेचा माणूस आला तेव्हा बाप ओसरीवर बसलेला होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून पोतं काढून त्यानं करवतीचे दात घासायला घेतले. पंधरा दिवसांत गावातल्या दोन घरांचे दरवाजे त्यानं लावून दिले. ट्रॅक्टरनं नांगर नेला होता, पण दरवाजा कोणी नेला नव्हता, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पण त्या कर्जातून घर वर काढलं ते वहिनीनं. तिचं काम कोणी धंद्यात मोजत नव्हतं. तिच्याकडं माहेरहून आलेलं शिवणयंत्र होतं. त्यावर ती शाळेचे गणवेश शिवायची. जूनमधे रात्री बारापर्यंत मशीन चालायचं. बचत गटातून कर्ज काढून एक म्हैस घेतली. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी शिजवायचं काम वर्षभर धरलं. तिघांतलं एकबी काम मोठं नाही. खिचडीचे पैसे तर हजार-दीड हजाराच्या घरात. पण बघा, गणवेश पोरांच्या शाळेवर, दूध रोजच्या चहावर, खिचडी सरकारच्या योजनेवर. हळद पडली म्हणून ह्यातलं काही पडत नव्हतं. म्हशीच्या वैरणीला तेवढा पाऊस लागायचा. भावाच्या सगळ्या वाटा मिळून जेवढा पैसा चांगल्या वर्षात देत, त्याच्या पाव हिश्श्यापेक्षाबी तिच्या वाटांनी कमी दिला असंल. वाईट वर्षात मात्र तिच्याच वाटा चालू राहिल्या, आणि बँकेचे हप्ते मुख्यत्वे त्या दोन-तीन वर्षांतच फिटले.

तिच्या कष्टाची किंमत मात्र तिनं भरली. पहाटे चारला दूध, दहाला खिचडी, दुपारी रान, रात्री मशीन. तिला एकदा माझ्या बायकोनं विचारलं, रविवारी काय करता? ती म्हणाली, “रईवारी खिचडी नसती, म्हणून धुणं काढते.” चार धंदे ह्या शब्दामागं घरातली कोणती तरी एक बाई न झोपता उभी असते. हे जोडून सांगितलं नाही तर हा इतिहास अर्धाच राहील.

आता घरची मांडणी अशी आहे. हळद दोन एकर, त्यापेक्षा जास्त लावायची नाही. ठोक्याचं रान सोडलं. सोयाबीन आणि त्यात तूर. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजार त्याच्या खाली चालला, त्यामुळं त्यावर भिस्त नाही. पण पीक तीन-साडेतीन महिन्यांत हातात येतं. कुकर राहिला, पिकअप विकला. भाऊ शाळेतून बाहेर पडला आणि रस्त्यावर सेवा केंद्राची गाळ्यात बसतो, ती सुरुवातीला सांगितली तसलीच पाटी त्याच्या दारावरबी आहे. वहिनीनं दुसरं मशीन घेतलं आणि गल्लीतल्या दोन पोरींना शिवायला बसवलं. म्हशी दोन झाल्या. शेळ्या परत आल्या, आजीच्या वेळेला होत्या तेवढ्याच.

थोरला पुतण्या आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. त्याला पुण्याला जायचंय. भावाचं म्हणणं, हळदीचा भाव सध्या चढा आहे, तर आणखी एक मोठा कुकर घेऊ आणि पोरगा तो चालवील. वहिनीचं म्हणणं, पोराला जाऊ द्या. हळदीवरचं अजून एक काम घरात कशाला पाहिजे, त्यापेक्षा ज्या महिन्यात हळद नसती त्या महिन्यात पैसा कुठून येईल ते बघा. पाडव्याला आम्ही सगळे ओसरीवर बसलो तेव्हा हे बोलणं दोन तास चाललं. मला विचारलं तर मी वहिनीच्या बाजूनं बोललो. भाऊ रागानं म्हणाला, “तुम्हाला काय जातंय भाऊ, तुम्ही तासावर जगता.” कुकरचं कोटेशन अजून त्याच्या खिशात आहे, आणि पुतण्याच्या पुण्याच्या कंपनीचा फोन अजून यायचाय.